हात सोडला की

सत्तावीस वर्षं मी कोत्काच्या बंदरात क्रेन चालवते.
दोन दांडे, एक खुर्ची, पायाखाली काच
आणि काचेखाली चाळीस मीटर वारा.
म्हणून वाटलं होतं, विमान म्हणजे काय,
आणखी एक दांडा.

वेइक्का म्हणाला, आधी बॅटरी.

वेइक्का पंधरा वर्षांचा, योएन्सूला राहतो.
त्याला मी पाहिलेलं नाही, फक्त कानात ऐकते.
आवाज फुटतोय त्याचा,
'इंधन' म्हणताना वर चढतो,
'पंप' म्हणताना खाली आदळतो.

मग इंधनाचा कॉक. मग पंप. मॅग्नेटो दोन्ही.
थ्रॉटल बोटभर पुढे.
आता थांब.
कशासाठी?
तेल गरम व्हायला. तेलाला घाई कळत नाही.

हे मला ओळखीचं होतं.
जानेवारीत आमचं हायड्रॉलिकही असंच रुसून बसतं
आणि आम्ही शिव्या देत, हात चोळत
त्याची मनधरणी करतो.

पहिल्या दिवशी उडालेच नाही.
थ्रॉटल लोटला आणि विमान डावीकडे सुटलं
दावं तुटलेल्या वासरासारखं,
धावपट्टी सोडून, गवत तुडवून
उभ्या ट्रकच्या पोटात.
उजवा पाय! कानात ओरडला तो.
उजवा पाय मी दाबलाच होता रे,
पण पायपट्टी सरकली पुढे
आणि चाकांची खुर्ची मागे, थेट फ्रिजपर्यंत.

खुर्ची आता टेबलाला दोरीने बांधली आहे.
बंदरातली गाठ. सुटत नाही.

नवव्या दिवशी उडाले,
आणि तेव्हा कळलं वेगळं काय ते.
क्रेनमध्ये हात सोडला की सगळं थांबतं.
दांडा आपसूक मधोमध येतो,
कंटेनर हवेत उभा राहतो,
थर्मास उघडता येतो.
इथे हात सोडला की सगळं सुरू होतं.
नाक वर, वेग खाली, पंखांना कापरं,
आणि मग आकाशच निघून जातं
पायाखालून.

ओढू नकोस, वेइक्का म्हणाला,
पडताना दांडा पुढे ढकल.
पडताना पुढे!
त्रेपन्न वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बंदुका रविवारी.
शत्रू नेमाच्या वर्तुळात, अगदी मधोमध,
आणि माझ्या साऱ्या गोळ्या
तो जिथे होता तिथे गेल्या.
तो जिथे असेल तिथे मार, मावशी.
मावशी म्हणाला. पहिल्यांदाच.
तेवढ्यात त्याला आईची हाक आली, जेवायला,
आणि तळ्यांवर मी एकटी उरले,
पुढे बघत, नुसती पुढे बघत.
मागून आलेल्याला फार वेळ लागला नाही.

माझी आई अठ्ठ्याऐंशीची. वृद्धाश्रमात असते.
तिला सांगितलं, तर म्हणाली, कुठल्या बाजूने?
आपल्या.
ती खिडकीकडे बघत राहिली.
तळघरात बाजू कळायची नाही, म्हणाली,
नुसता आवाज यायचा. मी मोजायचे.
मोजून काय व्हायचं?
मोजणं व्हायचं.

त्या रात्री नकाशात शोधत शोधत
मी कोत्कावर गेले.
बंदर होतं, क्रेन नव्हत्या.
आमच्या टेकडीवर घरं होती, तीनच नमुन्यांतली,
कुणी शिक्का मारत गेल्यासारखी.
खाली उतरून दोन घिरट्या घातल्या.
खिडक्या रंगवलेल्या. दारं रंगवलेली.
खेळातल्या घरांना तळघर नसतं.

इंजिन कधी गरम झालं, लक्षातच आलं नाही.
ते घरघरत बंद पडलं
आणि मी दांडा पुढे ढकलला,
गोठलेल्या खाडीवर पोट घासत थांबले.
बर्फ, आणि कुठलाच आवाज नाही.
हे आपल्या धड्यात नव्हतं, वेइक्का म्हणाला. कधी आला होता कुणास ठाऊक.

वेइक्का, मी विचारलं, तुझ्या घराला तळघर आहे?
आहे की. का?
काय असतं तिथे?
सायकली. बटाटे. बाबांची स्कीची जोडी.

बरं, मी म्हटलं.
आधी बॅटरी.